वाटी रिकामी परत करत नाहीत

नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मे महिन्यात एक वाद पेटला आणि जून लागला तरी तो धुमसतोच आहे. साडेचारशे माणसांचा हा ग्रुप. नळाला पाणी कधी येणार नाही, कचऱ्याची गाडी का आली नाही, कुणाकडे दुःखद घटना घडली, रात्री उघडं असलेलं औषधाचं दुकान कोणतं, एवढ्यासाठी काढलेला. मे लागताच एका संस्थेने मुलांच्या उन्हाळी शिबिराचं पोस्टर दिवसातून तीनदा टाकायला सुरुवात केली. तिच्या पाठोपाठ योगवर्ग आले, झाडं लावणारं मंडळ आलं, डोळे तपासणारं रुग्णालय आलं, नीटची शिकवणी आली. शेवटी एका काकाजींनी लिहिलं, "हे काय चालून राहिलं? हा ग्रुप आहे का बर्डीचा बाजार?" शिबिरवाल्या ताई दुखावल्या. "आम्ही पोरांकडून एक रुपया घेत नाही काकाजी. चांगलं काम सांगायचंही नाही का?" दोन दिवसांत ग्रुपचे दोन तट पडले. एक तट म्हणतो, संस्थांना सरसकट बंदी करा, खऱ्या कामाला ढोल लागत नाही. दुसरा म्हणतो, काम चांगलं असेल तर ते पोहोचलंच पाहिजे, ज्याला नको त्याने वाचू नये. संस्थेचं काम किती चांगलं किंवा किती दिखाऊ, हेच दोघं एकमेकांना पटवत बसले आहेत. मला वाईट वाटतं ते याचंच. काम चांगलं असल्याने हा प्रश्न सुटत नाही. चांगल्या कामाची माणसंही दुसऱ्याच्या दारात उर्मटपणे उभी राहू शकतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. संस्थेने स्वतःबद्दल बोलावं, न लाजता बोलावं. पण दुसऱ्यांनी जमवलेल्या माणसांत जाऊन ती बोलते, तेव्हा त्या माणसांचं लक्ष उसनं घेत असते, आणि उसन्याचे काही रिवाज असतात. माझ्या आईच्या काळी शेजारून वाटीभर साखर आणली, तर ती वाटी रिकामी परत जात नसे. साखर तर परत करायचीच, आणि कधी वाटी चुकून आपल्याकडे राहिली तर तिच्यात दोन लिंबं, मूठभर चिंच, घरी केलेली करंजी घालूनच ती पाठवायची. हा रिवाज कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो मोडणारं घर सगळ्या आळीला माहीत असे. समाजमाध्यमांवर संस्था रोज शेकडो घरांतून वाट्या नेतात आणि परतीचा विचार फार थोड्या करतात. मी गेली बारा वर्षं रक्तदात्यांच्या एका लहान गटात काम करते. म्हणजे वाट्या नेणाऱ्यांतली आहे. जे लिहिते आहे ते आधी आमच्या गटाला लागू आहे.

पहिल्या तटाचं म्हणणं आधी घेऊ. कामच बोलतं, ढोल कशाला? हे ऐकायला फार सोज्वळ वाटतं. पण कुणाचं काम आपोआप बोलतं? ज्याचं नाव घराघरांत आधीच पोहोचलेलं आहे, ज्याच्या घरी वार्ताहर स्वतःहून येतात, त्याचं. बाकीच्यांना ओरडावंच लागतं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. त्या पाक्षिकाच्या शिरोभागी तुकोबांच्या ओळी होत्या आणि त्यांत स्पष्ट म्हटलं होतं, "सार्थक लाजून नव्हे हित". बोलण्याची जागाच ज्यांना मिळत नाही, त्यांना 'गाजावाजा करू नका' असं सांगणं म्हणजे त्यांना गप्प बसवणं आहे. आणि नागपूरकरांनी तरी हे का विसरावं? १९५६ साली धम्मदीक्षेची तारीख आणि जागा आधी जाहीर झाली नसती, गावोगाव माणसांनी माणसांना निरोप दिले नसते, तर १४ ऑक्टोबरला लाखो लोक या शहरात पोहोचले असते का? निरोप पोहोचवणं हा कामाचाच भाग असतो. तेव्हा सरसकट बंदी ही आळशी माणसाची तोड आहे. तिच्यात दांडगट आणि गरजू दोघं एकाच दाराने बाहेर जातात.

दुसरं एक खरं मी मान्य करते, कारण ते आम्ही भोगलं आहे. पूर्वी संस्थेचं फेसबुकवर पान असलं की ते आवडणाऱ्यांना त्यावरचा मजकूर बऱ्यापैकी दिसायचा. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की यापुढे नातेवाईक आणि मित्रांच्या नोंदींना प्राधान्य मिळेल. पानांवरचा मजकूर मागे पडला. पैसे भरा, म्हणजे दिसाल, हे त्याचं दुसरं टोक. ज्या गटाची वर्षाची सगळी जमा चहा, पेट्रोल आणि बिस्किटांच्या पुड्यांत संपते, त्याने पैसे कुठून भरावेत? म्हणून अशा संस्था वस्त्यांच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या, भिशीच्या, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये शिरतात. त्यात लोभ कमी आणि नाइलाज जास्त असतो.

पण नाइलाज आपला असला तरी त्याची किंमत कोण चुकवतं? आमच्या ग्रुपचाच हिशोब करा. साडेचारशे माणसं एका पोस्टरवर दहा-दहा सेकंद थांबली, तर वस्तीचा सव्वा तास खर्च झाला. दिवसातून तीनदा टाकलं तर पावणेचार तास. असा कुणाचा वेळ आपण समोरासमोर घेऊ का? पावणेचार तास कुणाच्या ओट्यावर बसून आपल्याच संस्थेबद्दल बोलू का? "नको असेल तर वाचू नका, आवाज बंद करून ठेवा" हे उत्तर इथेच लंगडं पडतं. ज्या नळातून पोस्टर येतं त्याच नळातून पाणीकपातीची सूचनाही येते. आवाज बंद केला की दोन्ही बंद.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट या शहरातले लोक विसरलेले नाहीत. थोड्या तासांत इतका पाऊस कोसळला की अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी काठ सोडून घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत माणसं झोपेतून उठली ती पाण्यात पाय टाकूनच. आमची वस्तीही त्याच खालच्या अंगाला आहे. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर एक निरोप आला होता, "आजी एकट्याच आहेत, तळमजला आहे, कुणी वर नेऊ शकेल का?" मी तो वाचला तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता आणि त्याच्यावर सतरा फोटो चढले होते. पावाची पाकिटं वाटणारे हात, छातीवर संस्थेचा बिल्ला, मागे फलक. मदत खरी होती. पाकिटं खरी होती, पोटात गेली. आजींना शेजारच्या पोरांनी आधीच पहिल्या मजल्यावर नेलं होतं, त्यामुळे पुढचं काही घडलं नाही. पण त्या सतरा फोटोंखाली ती ओळ दबली होती आणि ती कुणाच्या वाईटपणामुळे दबली नव्हती, हे मला जास्त छळतं. पूर्वी गावात दवंडी पिटली जायची. हलगी वाजली की हातातलं काम थांबवून लोक दारात येत, कारण ती वाजते ती गावाच्या कामासाठी, हे ठाऊक असे. ज्याच्या-त्याच्या दुकानासाठी ती रोज वाजली असती, तर आगीची दवंडी ऐकायला कोण बाहेर आलं असतं?

आता आमच्या गटाची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एका बाळंतिणीसाठी ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. मेडिकलला, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तिची शस्त्रक्रिया ठरली होती. आम्ही निरोप तयार केला. वर गटाचं बोधचिन्ह, मोठ्या अक्षरांत गटाचं नाव, खाली "तातडीने हवे" आणि तिच्या भावाचा मोबाइल नंबर. तारीख टाकली नाही. घाईत राहून गेली असं आम्ही तेव्हा एकमेकांना सांगितलं, पण खरं म्हणजे बोधचिन्ह नीट बसवायला आमच्याकडे वेळ होता. रक्त त्याच संध्याकाळी मिळालं. ती बाई मात्र तीन महिन्यांनी दुसऱ्याच आजाराने गेली. निरोप चौदा महिने फिरत राहिला. अकोल्याहून, रायपूरहून, एकदा तर सुरतेहून भावाला फोन आले, "ताईंना अजून रक्त लागतंय का?" तो प्रत्येकाला सांगत राहिला की ताई आता नाही. शेवटी त्याने नंबर बदलला आणि त्याआधी आमच्याकडे येऊन एवढंच म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव तेवढं फिरून राहिलं." तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

निरोप शिळा झाला की नुसता मनस्ताप होत नाही, रक्ताचंही नुकसान होतं. एकदा रक्त दिलं की पुरुषाला ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस पुन्हा देता येत नाही. निगेटिव्ह गटाचे दाते आधीच कमी. संपलेल्या गरजेसाठी त्यांतले चार जण धावत जाऊन रक्त देऊन आले, तर पुढच्या तीन-चार महिन्यांत खरी गरज उभी राहील तेव्हा ते चौघं हाताशी नसतात. प्लेटलेट तर पाच दिवसांपलीकडे ठेवताच येत नाहीत, म्हणून त्या दात्याला नेमक्या दिवशीच बोलवावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तिने वेग कमी झाला, पण शिळा निरोप ताजा होत नाही. ते काम निरोप सोडणाऱ्याचंच आहे. त्यानंतर आम्ही तारीख, रुग्णालय, किती वाजेपर्यंत हवं, एवढं लिहायला लागलो. नातेवाइकांचा नंबर काढून आमच्यातल्या एकाचा टाकला. आणि गरज भागली की त्याच सगळ्या ग्रुपांत जाऊन "गरज पूर्ण झाली, कृपया पुढे पाठवू नका" असं लिहायचं. हे शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं असतं. त्याला कुणी अंगठा दाखवत नाही, त्यातून नवा सभासद मिळत नाही. पण नेलेली वाटी भरून परत करायची ती इथे.

यावर आमच्याच एका तरुण सहकाऱ्याने घेतलेला आक्षेप मला पटला होता. तो म्हणाला, "ताई, नाव काढलं तर लोक विश्वास कशावर ठेवतील? निनावी निरोप तर खोटेच असतात." बरोबर आहे. नाव हवंच. नाव म्हणजे जबाबदारी, चुकलं तर कुणाला धरायचं त्याचा पत्ता. पण अर्जाच्या तळाशी सही असते तसं ते असावं. आमच्या निरोपात ते कमानीसारखं वर उभं होतं आणि रुग्ण तिच्या खालून जात होता.

फोटोंचा प्रश्न याहून अवघड आहे. इथे संस्थांची बाजू मी मनापासून समजू शकते. कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ लागू झाल्यापासून ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्या पैशावर विदर्भातली कितीतरी चांगली कामं उभी आहेत. पण पैसा देणारा मुंबईत बसतो, काम भामरागडला किंवा मेळघाटात चालतं. पैसा पोहोचला हे त्याला कसं दिसणार? फोटोतून. फोटो नाही तर पुढचा हप्ता नाही, असं जिथे आहे तिथे संस्थेला 'फोटो काढू नका' असं नुसतं सांगणं हा शहरातल्या खुर्चीतून दिलेला सल्ला होतो. तरीही फोटोत कोण आहे, हा प्रश्न मी सोडणार नाही.

आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. रक्ताचा हा आजार आईवडिलांकडून येतो. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी तो पुढे देऊ शकत असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आता कल्पना करा, एखादी संस्था गोळ्या आणि तपासणीचं शिबिर घेते आणि नऊ वर्षांच्या मुलाचा फोटो टाकते, 'सिकलसेलग्रस्त बालकास मदत'. हेतू शंभर टक्के चांगला. पण त्या एका फोटोने गावाला काय काय कळलं? मुलाचा आजार कळला. त्याची आई वाहक आहे आणि बापही वाहक आहे, हे कळलं. आणि त्याची वीस वर्षांची बहीण, जिचं लग्न जमवायचं आहे, तिच्याबद्दल गावात कुजबुज सुरू झाली. बहीण फोटोत नाही. तिला कुणी विचारलं नाही. लग्नाच्या बाजारात हा आजार मुलींच्या वाट्याला काय आणतो, हे या भागातल्या कुठल्याही आशाताईला विचारा. "आम्ही आईची परवानगी घेतली होती" असं संस्था सांगते. कधी घेतली? गोळ्यांच्या रांगेत उभी असताना? समोर टेबलावर औषध आहे, टेबलापलीकडे मोबाइल धरलेला माणूस विचारतो, "फोटो काढू ना?" त्या बाईने 'नको' म्हणायचं ते कोणत्या बळावर?

शिकवणी वर्गांच्या जाहिरातींबाबत सरकारने हाच विचार केलेला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी आणि ती त्याची निवड झाल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या वेळीच अर्जाच्या कोपऱ्यात सही करून घेतलेली चालत नाही. का? कारण प्रवेश मागणारा मुलगा मोकळेपणाने नकार देऊ शकत नाही. निकालानंतर नागपूरच्या चौकाचौकांत हसरे गुणवंत फलकांवर झळकतात, त्यांच्यासाठी हा नियम आहे. ज्या मुलाला त्या फोटोने मानच मिळणार आहे त्याला आपण एवढं जपतो. मग रांगेतल्या त्या आईला त्याहून कमी का जपायचं? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती धरली आहे, पण मला कायद्याच्या आधी साधी रीत हवी आहे. मदत देऊन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, ज्याने मदत दिली त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणी विचारावं, आणि 'नाही' म्हटलं तर पुढच्या महिन्याच्या गोळ्या तशाच हसून मिळाव्यात. दात्याला पुरावा हवा तर तपासणीची नोंदवही आहे, खरेदीची बिलं आहेत, पाठमोरी रांग आहे, काम करणाऱ्या आपल्याच माणसांचे चेहरे आहेत. आपल्यापासून फार दूर नाही, वरोऱ्याजवळचं आनंदवन. ते नाव घेतलं की डोळ्यांसमोर काय येतं? शेतं येतात, हातमाग येतात, स्वरानंदवनचा ऑर्केस्ट्रा येतो. कुष्ठरोग्याला बघून लोक तोंड फिरवत त्या काळात बाबा आमट्यांनी ते उभं केलं आणि तिथली माणसं जगाला ओळखीची झाली ती आपल्या हातच्या कामाने.

लाभार्थी असल्याचं भासवून स्वतःच्याच कार्यकर्त्यांनी लिहिलेली स्तुती, मित्रांकडून मिळवलेले पाच तारे, पैसे देऊन करून घेतलेली आणि तसं न सांगितलेली चित्रफीत, यांवर फार शब्द घालवत नाही. जाहिरात असेल तर जाहिरात आहे असं लिहा, हा दंडक भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना घालून दिला आहे. नफ्यासाठी चालणाऱ्यांकडून ज्याची अपेक्षा आहे ते सेवाभावी संस्थेने आधी पाळायला हवं. त्यात चर्चेला जागा नाही.

चर्चेला जागा आहे ती टीकेबाबत. संस्थांच्या पानांवर कुणी उलट प्रश्न विचारला, "मागच्या वर्षी लावलेल्या झाडांतली किती जगली?", "वर्गणीचा हिशोब कुठे आहे?", की तो प्रश्न थोड्या वेळाने दिसेनासा होतो. त्यांचं म्हणणं असतं की समाजमाध्यमांवर टीका करणारे अनेक जण खोडसाळ असतात, एक खोटा आरोप वर्षांची पत घालवतो, लहान संस्थेकडे खुलासे करत बसायला माणसं नसतात. हे खरं आहे. शिवीगाळ, जातीवाचक बोलणं, बाईच्या चारित्र्यावर घसरणं, हे पुसलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण झाडांचा प्रश्न यात कुठे बसतो? आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे गावावरची पीडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते असं सांगतात. "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" अशा आरोळ्यांत इतवारी-महालातून तिची मिरवणूक जाते आणि सोबतचे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, त्या-त्या वर्षी लोकांना काय सलतं ते पाट्यांवर लिहून मिरवतात. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यांवरचे खड्डे, सगळं. एवढ्या पिढ्या हे शहर आपली नाराजी भर रस्त्याने वाजतगाजत नेत आलं आहे आणि त्याने शहर मोडलं नाही. मग चार प्रश्नांनी आपली संस्था मोडेल अशी भीती का? मोहल्ल्यातलं गणेश मंडळ विसर्जनानंतर जमाखर्च फळ्यावर लावतं. जाता-येता लोक थांबून वाचतात. "मांडववाल्याला एवढे कसे दिले बाप्पा?" असं विचारतात. अध्यक्ष तिथेच उभा राहून उत्तर देतो, कधी चिडून देतो, पण देतो. फळा पुसून टाकत नाही. जे मंडळ पुसतं त्याला पुढच्या वर्षी वर्गणी मागताना दार उघडायला वेळ लागतो. झाडं किती जगली? शंभरातली अठरा. उन्हाळ्यात टँकर मिळाला नाही, यंदा कमी लावतो आणि कुंपण करतो. असं एखाद्या संस्थेने मोकळेपणी लिहिलं, तर मी स्वतः तिच्यासाठी चार घरी वर्गणी मागायला जाईन.

या सगळ्या वादात मला गाडगेबाबांची आठवण वारंवार येते. ते आपल्याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे. गावात आले की आधी खराटा हातात घेत, गाव झाडून काढत, आणि संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेत कीर्तनाला उभे राहत. त्यांना लोकांकडून खूप काही हवं होतं, हे आपण विसरतो. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, त्यासाठी देणग्या मिळवल्या, हजारोंच्या सभा भरवल्या. प्रसिद्धीपासून पळणारा तो माणूस नव्हता. पण दिवसभर ज्याने आपलं गटार साफ केलं तो संध्याकाळी बोलायला उभा राहिला की गाव ऐकायचं. आणि त्यांचं कीर्तन तरी कसं? प्रश्नांचं. ते विचारत, लोक उत्तर देत, उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. समोरच्याला बोलतं केल्याशिवाय त्यांचं बोलणं पुढे सरकत नसे. आज आमच्या ग्रुपवर पोस्टर टाकणाऱ्या रुग्णालयाला कुणी खाली विचारलं, "मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आईने किती दिवस डोळ्याला पाणी लावू नये?" तर चार दिवस उत्तर येत नाही. पाचव्या दिवशी नवं पोस्टर येतं. डोळ्यांचं रुग्णालय वस्तीत आलं आणि वस्तीने डोळ्यांबद्दल विचारलं. झाडायला अंगण समोर असताना खराटा कोपऱ्यात का? "आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत" हे उत्तर मला अनेक संस्थांनी दिलं आहे, आमच्या गटातही ते दिलं जातं. मग चाळीस ग्रुपांत कशाला शिरायचं? चारांत राहावं, पण राहावं.

शिबिरवाल्या ताईंना मी त्या वादानंतर घरी जाऊन भेटले. त्यांच्याकडे तेव्हा एकतीस मुलं येत होती, त्यांतली निम्मी आसपासच्या बांधकामांवर काम करणाऱ्यांची. ताईंनी विचारलं, "आम्ही जायचं तरी कुठे? पेपरात जाहिरात द्यायला पैसे नाहीत, चौकात फलक लावायला परवानगी लागते." मला लगेच उत्तर देता आलं नाही आणि ज्यांना देता येतं त्यांनी ताईंच्या जागी महिनाभर काम करून पाहावं. आम्ही दोघींनी मिळून एवढंच ठरवलं की रविवारी सकाळी दहा ते बारा ही वेळ संस्थांसाठी मोकळी ठेवण्याचं ग्रुपवर सुचवायचं. प्रत्येकीने एकदाच लिहायचं आणि त्या दोन तासांत येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं. काकाजींना हेही मान्य नाही. त्यांचं म्हणणं, एकदा दार उघडलं की कुणी थांबत नाही. त्यांच्या शंकेत तथ्य आहे आणि आमच्याकडे त्याला आज उत्तर नाही.

पण एका गोष्टीवर काकाजीही आमच्याबरोबर आहेत. पाऊस तोंडावर आला आहे आणि अंबाझरीकडे बघितलं की आमच्या वस्तीत अजून पोटात खड्डा पडतो. पाणी घरांत शिरलेलं असताना ग्रुपवर एकही फोटो टाकायचा नाही, असं मी मांडलं. ताईंनीच अडवलं. म्हणाल्या, "मग मदत कुठे मिळून राहिली हे लोकांना कळणार कसं?" त्यांचा मुद्दा बरोबर होता, माझ्या डोक्यात तो आला नव्हता. मग आम्ही मजकूर बदलला. संस्थेने फोटोशिवाय एक ओळ लिहायची: पाकिटं कुठे आहेत, किती उरली आहेत, किती वाजेपर्यंत मिळतील, कुणाला फोन करायचा. संपली की त्याच ओळीखाली 'संपली' असं लिहायचं. फोटो पाणी ओसरल्यावर. येत्या रविवारी हे सगळ्यांसमोर ठेवणार आहोत. डोळ्यांच्या रुग्णालयातल्या भाऊंनी होकार कळवला आहे, योगवर्गाचं उत्तर यायचं आहे.